स्कायरिम अडकतो तेव्हा: गोठणे आणि न संपणारी लोडिंग स्क्रीन

मॉड्स, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले फेरबदल आणि भर, घातलेला स्कायरिम हा गेम कोसळून थेट डेस्कटॉपवर आला, तर त्यातही एक सोय असते. क्रॅश लॉगर बसवलेला असेल तर शेवटच्या क्षणी गेम कोणत्या फाइलला हात लावत होता याची नोंद मागे राहते आणि शोध कुठून सुरू करायचा हे कळते. गेम गोठला किंवा लोडिंग स्क्रीनवरच खिळला, तर मात्र मागे काहीही उरत नाही, कारण गेमच्या लेखी तो अजून चालूच असतो. शेवटी आपणच टास्क मॅनेजरमधून त्याला बंद करतो आणि जी काही माहिती मेमरीत होती ती त्याच्याबरोबर जाते. अशा वेळी बहुतेक जण सर्वांत शेवटी घातलेल्या मॉडवर संशय घेऊन ते काढतात, त्याने भागले नाही की त्याच्या आधीचे काढतात, आणि या काढाघालीत मूळ दोष जागच्या जागी राहून सेव्ह फाइल मात्र आणखी बिघडते. माझे म्हणणे असे आहे की गेम नेमका कुठे आणि काय करत असताना अडकतो हे आधी ठरवावे, आणि ते ठरेपर्यंत एकाही मॉडला हात लावू नये.

त्याआधी आपल्याकडे स्कायरिमची कोणती आवृत्ती आहे हे पक्के माहीत असले पाहिजे, कारण या विषयावरचे निम्मे सल्ले चुकीच्या आवृत्तीसाठी दिलेले असतात. ११ नोव्हेंबर २०११ रोजी आलेला मूळ स्कायरिम ३२ बिटांचा होता. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी आलेली स्पेशल एडिशन ६४ बिटांची आहे, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ॲनिव्हर्सरी एडिशनच्या निमित्ताने तिच्याच मूळ प्रोग्रॅममध्ये मोठा बदल झाला. जुन्या ३२ बिटी स्कायरिममधली न संपणारी लोडिंग स्क्रीन हा एक वेगळाच आजार होता. तो गेम सुरू होताना स्वतःसाठी मेमरीचा पहिला तुकडा २५६ एमबीचा राखून ठेवत असे, आणि मॉड्सच्या भाराने तो तुकडा काठोकाठ भरला की एक तर गेम कोसळे, नाही तर लोडिंग स्क्रीनवर धूर फिरत राही आणि पुढे काहीच होत नसे. २०१४ मध्ये यावरचा उपाय स्क्रिप्ट एक्स्टेंडर या गेमची क्षमता वाढवणाऱ्या जोडप्रोग्रॅममध्येच, म्हणजे एसकेएसईमध्ये, समाविष्ट झाला. त्याच्या आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या साध्या मजकूर फाइलमध्ये, एका ओळीत ७६८ आणि दुसऱ्या ओळीत २५६ असे आकडे लिहिले की पहिला तुकडा ५१२ एमबीचा होई आणि बहुतेकांचे दुखणे तिथल्या तिथे थांबे. हे दोन आकडे इतके प्रसिद्ध झाले की आजही स्पेशल एडिशनवर गेम अडकल्याची तक्रार केली तर कोणी ना कोणी ते पुढे करतो. स्पेशल एडिशनमध्ये मेमरीची व्यवस्थाच निराळी असल्यामुळे तिथे या ओळींचा काडीचाही उपयोग नाही. यापुढे मी जे लिहितो आहे ते स्पेशल एडिशन आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांना धरून आहे.

गेम अडकला की तो लगेच बंद न करता दोन मिनिटे पाहावा. लोडिंग स्क्रीनवर एखादी वस्तू दाखवलेली असते, ती माऊसने फिरते का आणि मागचा धूर हलतो का, हे आधी बघावे. ती फिरत असेल तर पडदा रंगवणारा भाग जिवंत आहे आणि मागे जग उभे करणारे काम कुठे तरी थांबले आहे असे समजायला हरकत नाही. सगळेच चित्रासारखे थिजले असेल, आवाजही एकाच सुरात अडकला असेल, तर अख्खा प्रोग्रॅम थांबला आहे. त्यानंतर ऑल्ट आणि टॅब दाबून गेमच्या बाहेर यावे, टास्क मॅनेजर उघडावा आणि तीन गोष्टींवर नजर ठेवावी. गेम डिस्कवरून अजून वाचत असेल आणि त्याची मेमरी हळूहळू वाढत असेल, तर तो अडकलेला नसून नुसता संथ आहे. डिस्क शांत आहे, मेमरी स्थिर आहे, पण प्रोसेसरचा एक गाभा सतत पूर्ण भरलेला दिसतो, तर गेम कुठल्या तरी न संपणाऱ्या आवर्तनात सापडला आहे. प्रोसेसरही शांत असेल तर तो कशाची तरी वाट पाहत बसला आहे, आणि ती गोष्ट बहुधा येणारच नाही. ही तिन्ही चित्रे अगदी वेगळ्या दिशांना नेतात, आणि एवढे साधे निरीक्षण न करता केलेली दुरुस्ती म्हणजे अंधारात मारलेला दगड असतो.

नुसता संथ असलेला गेम हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच सार्वत्रिक आहे. शेकडो मॉड्स, दूरच्या डोंगर-झाडांसाठी डिनडोलॉड या साधनाने तयार केलेल्या प्रचंड फाइली आणि साधी फिरती हार्ड डिस्क असा योग जुळला की पहिल्यांदा सेव्ह उघडायला कित्येक मिनिटे लागू शकतात. त्यात अँटिव्हायरस मॉड्सच्या फोल्डरमधली प्रत्येक फाइल उघडताना तपासत असेल तर मग विचारायलाच नको. गेमचे आणि मॉड मॅनेजरचे फोल्डर तपासणीतून वगळावे, गेम विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमधून बाहेर काढून दुसऱ्या स्टीम लायब्ररीत हलवावा, आणि शक्य असेल तर एसएसडीवर ठेवावा. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हवर आपोआप चढत असेल तर तेही बंद करावे, कारण सेव्ह आणि आयएनआय फाइली तिथेच असतात, आणि गेम लिहीत असलेली फाइल त्याच वेळी दुसराही प्रोग्रॅम उचलू पाहत असेल तर काहीही होऊ शकते. आपल्यापैकी काहींच्या संगणकावर विंडोजच्या वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असते. मॉडिंगची काही साधने पत्त्यात रोमन सोडून दुसरी अक्षरे आली की गोंधळतात, म्हणून मॉड्स आणि साधने सरळ डी ड्राइव्हवर, रोमन अक्षरांतल्या लहानशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली बरी.

आता खऱ्याखुऱ्या अडकण्याकडे येतो. मुख्य मेनू दिसण्याआधीच गेम थांबत असेल, तर विषय तुलनेने सोपा असतो. इथे मॉड्समधल्या कथा, घरे, शस्त्रे यांचा फारसा संबंध नसतो. दोष बहुधा एसकेएसई आणि त्याच्या जोरावर चालणाऱ्या डीएलएल, म्हणजे गेमच्या प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या, फाइलींच्या आवृत्त्यांत असतो. १.५.९७ या गेमला एसकेएसईची २.०.२० ही आवृत्ती लागते आणि १.६.११७० ला २.२.६ लागते, या डीएलएलना गेमच्या प्रोग्रॅममधल्या जागा दाखवणारी ॲड्रेस लायब्ररीदेखील त्याच गेमची असावी लागते. स्टीमने रात्रीत गेम अद्ययावत केला की हे सगळे समीकरण मोडते, म्हणून स्टीममध्ये गेम उघडल्यावरच अद्ययावत करण्याचा पर्याय निवडावा आणि त्यानंतर गेम नेहमी एसकेएसईमधूनच सुरू करावा. गेमच्या एंजिनातले दोष दुरुस्त करणारे एंजिन फिक्सेस वापरत असाल तर त्याचा दुसरा भाग, म्हणजे गेमच्या मूळ फोल्डरमध्ये हाताने ठेवायच्या डीएलएल फाइली, राहून तर गेला नाही ना, हे पाहावे. मॉड मॅनेजर तो आपोआप बसवत नाही आणि तो राहिला की दोष शोधायला भलतीकडेच जावे लागते. डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरात, स्कायरिमच्या एसकेएसई फोल्डरमध्ये प्रत्येक डीएलएल आपापली नोंदवही लिहिते, आणि ज्या नोंदवहीची शेवटची ओळ अर्धवट आहे तिच्यापासून सुरुवात करावी.

मेनू येतो, पण सेव्ह उघडताना चक्र फिरतच राहते, अशा वेळी पहिला प्रश्न हा की दोष सेव्ह फाइलीत आहे की मॉड्सच्या संचात. त्यासाठी मेनूवरच एस्केपच्या खालची कळ दाबून कन्सोल उघडावा, सीओसी हा आदेश आणि पुढे रिव्हरवुड असे लिहून एंटर दाबावे. कोणतीही सेव्ह न उघडता गेम तुम्हाला थेट त्या गावात नेऊन उभा करतो. हे पात्र खेळण्यासाठी नव्हे, फक्त चाचणीसाठी; पण अर्ध्या मिनिटात उत्तर मिळते. इथेही गेम अडकला तर सेव्ह निर्दोष आहे आणि मॉड्सकडे वळावे. इथे गाव व्यवस्थित उभे राहिले तर संशय सेव्हवर जातो, मात्र पूर्णपणे नव्हे, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

सेव्ह फाइलीत बिघाड होतो तो मुख्यतः मॉड्स मध्येच काढल्यामुळे. प्लगइन, म्हणजे मॉडची मुख्य फाइल, काढले तरी त्याच्या स्क्रिप्टची, म्हणजे छोट्या आज्ञावल्यांची, चालू कामे सेव्हमध्ये तशीच लिहिलेली राहतात. मूळ मालक नाहीसा झालेला असतो आणि त्याची माणसे मात्र कामावर हजर असतात. फॉलरिम टूल्समधला रीसेव्हर हा प्रोग्रॅम सेव्ह उघडून हे सगळे दाखवतो. त्यात निराधार स्क्रिप्ट आणि व्याख्या नसलेले घटक किती आहेत ते पाहावे, आणि मुख्य म्हणजे चालू स्क्रिप्टांची यादी पाहावी. निरोगी सेव्हमध्ये ही यादी छोटी असते. तीच जर हजारांत असेल आणि एकाच स्क्रिप्टचे नाव पानेच्या पाने येत असेल, तर गुन्हेगार समोर उभा आहे असे समजावे. रीसेव्हर ही कचरा साफ करण्याची सोयही देतो, आणि ती मी वापरतो, पण मूळ सेव्हची प्रत बाजूला ठेवून आणि साफ केलेल्या सेव्हवर फार भरवसा न ठेवता. निराधार स्क्रिप्ट काढणे बहुधा सुरक्षित असते, पण व्याख्या नसलेले इतर घटक उडवताना एखाद्या चालू मॉडच्या खालचा पाटही सरकू शकतो.

याच टप्प्यावर हाडांचा सांगाडा आणि हालचालींच्या फाइली यांनाही तपासावे. नेमेसिस, पॅन्डोरा किंवा जुने एफएनआयएस यांपैकी एक साधन वापरत असाल तर हालचालींचे मॉड घातल्या-काढल्यावर ते पुन्हा चालवावे लागते. त्याचप्रमाणे ३२ बिटी स्कायरिमसाठी बनवलेली मेश, म्हणजे वस्तूचा त्रिमिती आकार, किंवा हालचाल तशीच्या तशी स्पेशल एडिशनमध्ये टाकली की कधी गेम कोसळतो, तर कधी पात्र हात पसरून उभे राहते. कॅथीड्रल ॲसेट्स ऑप्टिमायझरने अशा फाइली रूपांतरित करता येतात, तरी ज्या मॉडचे रीतसर रूपांतर झालेले आहे तेच शोधून वापरावे, असे मी सुचवेन.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा आणि मला सर्वांत रंजक वाटणारा प्रकार म्हणजे ठरावीक दारापाशी अडकणारा गेम. इतर सगळीकडे तो उत्तम चालतो, आणि एकाच गुहेत किंवा एकाच गावात शिरताना लोडिंग स्क्रीन संपता संपत नाही. इथे सर्वांत आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन प्रवास करताना होणारी आपोआप सेव्ह बंद करावी. दारातून जाताना गेम एकीकडे नवी जागा उघडत असतो आणि त्याच सुमारास आपोआप सेव्हही लिहीत असतो. अडकण्याचे कारण ते लिहिणे असेल, तर जागेचा त्यात काहीच दोष नसतो आणि आपण भलत्याच गुहेची चौकशी करत बसतो. झोपताना आणि वाट पाहताना होणाऱ्या आपोआप सेव्हही मी बंदच ठेवतो आणि हाताने, दर वेळी नव्या जागी सेव्ह करतो.

माझ्याकडे घडलेला एक प्रसंग इथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. रिव्हरवुडजवळच्या एम्बरशार्ड खाणीत शिरताना गेम अडकू लागला. धूर हलत होता, डिस्क शांत होती आणि प्रोसेसरचा एक गाभा भरलेला होता, म्हणजे आवर्तनाचे चित्र. ब्लीक फॉल्स बॅरोच्या थडग्यातही तेच झाले, पण व्हाइटरनमधली घरे, दुकाने, ड्रॅगन्सरीचचा महाल, सगळे बिनबोभाट उघडत होते. सीओसी वापरून मेनूवरून सरळ खाणीत गेलो, तर खाण एका झटक्यात उघडली. वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे दोष सेव्हवर यायला हवा होता, परंतु रीसेव्हरमध्ये सेव्ह स्वच्छ होती. खाण आणि थडगे या दोन्ही ठिकाणी काय सारखे आहे, असा विचार केला तर एकच गोष्ट हाती लागते, ती म्हणजे दोन्हीकडे असलेले लुटारू. त्यांच्या अंगावरचे कपडे आणि हातातली शस्त्रे ठरलेली नसतात. गेम ती जागा उघडतानाच लेव्हल्ड लिस्ट नावाच्या याद्यांमधून निवडतो, आणि निवडताना खेळाडूच्या पात्राची पातळी पाहतो. मेनूवरून आलेले चाचणीचे पात्र पहिल्या पातळीचे होते, माझे मूळ पात्र त्यापेक्षा बरेच पुढे गेलेले होते. मग मेनूवरूनच रिव्हरवुडला जाऊन कन्सोलमध्ये प्लेअर डॉट सेटलेव्हल हा आदेश देऊन पात्राची पातळी तीस केली आणि खाणीचे दार उघडले. गेम तत्काळ अडकला.

आता सेव्हचा प्रश्न मिटला होता. प्लगइनांतल्या नोंदी दाखवणाऱ्या एक्सएडिटमध्ये सगळा लोड ऑर्डर, म्हणजे क्रमाने लावलेली सगळी प्लगइने, उघडला आणि उजव्या बटणाच्या मेनूतून चक्राकार याद्या शोधण्याचा पर्याय चालवला. शस्त्रांची एक यादी दुसऱ्या यादीला बोलावत होती, आणि ती दुसरी यादी, विसाव्या पातळीपासून पुढे, पुन्हा पहिलीलाच बोलावत होती. दोन वेगवेगळ्या मॉड्सनी आपापल्या परीने बरोबरच केले होते. त्यांच्या याद्या एकत्र करणाऱ्या जोडफाइलीत, म्हणजे पॅचमध्ये, हा फास तयार झाला होता. गेम पहिल्या यादीतून दुसरीत, दुसरीतून पहिलीत असा फिरत राही. दुसऱ्या यादीतली ती एक नोंद काढून पॅच जतन केला, आणि खाण उघडली. अशा चक्रामुळे दर वेळी गेम गोठेलच असे नाही, कधी तो कोसळतोही. पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की कोरा गेम पहिल्या पातळीवर तपासून ‘मॉड्स ठीक आहेत’ असा निर्वाळा देता येत नाही.

याच संदर्भात आणखी एक बारकावा आहे. गेम एकदा पाहिलेली जागा लक्षात ठेवतो, आणि साधारणपणे गेममधले २४० तास, म्हणजे दहा दिवस, उलटल्यावर ती पुन्हा नव्याने मांडतो. सगळे शत्रू मारून मोकळी केलेली जागा असेल तर ही मुदत ७२० तासांची असते. त्यामुळे काल निर्धोक उघडलेली गुहा काही दिवसांनी अडकू लागली, तर मधल्या काळात घातलेल्या मॉडवरच आळ घेण्याची घाई करू नये. दोष आधीपासून असू शकतो आणि जागा नव्याने मांडली गेली तेव्हाच तो उघडा पडलेला असू शकतो.

गावात नव्हे, पण रानात चालता चालता ठरावीक टापूत गेम थिजत असेल तर यादीऐवजी जमिनीकडे पाहावे. दोन मॉड्सनी एकाच ठिकाणी घर बांधले असेल, पात्रांच्या चालण्याच्या वाटा, म्हणजे नॅव्हमेश, एकाने काढून टाकल्या असतील, किंवा डिनडोलॉडची जुनी निर्मिती नव्या मॉड्ससह तशीच वापरली जात असेल. त्या जागी उभे राहून कन्सोलमधून वस्तूवर क्लिक केले की तिचा क्रमांक दिसतो, आणि क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून ती कोणत्या प्लगइनची हे कळते. हलक्या प्लगइनांचे क्रमांक एफई या अक्षरांनी सुरू होतात. पूर्ण आकाराची प्लगइने २५४ आणि हलकी ४०९६ अशी मर्यादा असल्यामुळे लोक निर्धास्त होतात, पण दुसरी एक मर्यादा फारशी कोणी मोजत नाही: एका वेळी जास्तीत जास्त १०,४८,५७६ वस्तूंची ओळख गेमला ठेवता येते. मास्टर म्हणून खूण न केलेल्या मोठ्या प्लगइनांतल्या वस्तू सुरुवातीपासूनच या संख्येत धरल्या जातात, आणि ती ओलांडली की गेम कुठेही, कोणत्याही कारणाशिवाय अडकल्यासारखा किंवा कोसळल्यासारखा वागू लागतो. हजारभर मॉड्स घालणाऱ्यांना एकाच जागेशी न बांधलेले असे विचित्र बिघाड दिसू लागले, तर ही शक्यता तपासावी.

खेळता खेळता मध्येच काही सेकंद थिजणे आणि पुन्हा चालू होणे, हा प्रकार वरच्या सगळ्यांहून वेगळा आहे. तिथे मी पहिल्यांदा ग्राफिक्स कार्डाची मेमरी पाहतो. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलांचे एकच टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर चढवलेले चित्र, बीसी७ पद्धतीने आवळल्यावरही १६ एमबी घेते, मिपमॅप, म्हणजे त्याच चित्राच्या लहान होत जाणाऱ्या प्रती, धरले तर २१ एमबीच्या आसपास. गवतापासून सूपच्या वाडग्यापर्यंत सगळेच त्या आकाराचे ठेवले की सहा जीबीचे कार्ड बघता बघता भरते आणि मग जुने बाहेर टाकून नवे आत आणण्यात गेमचे प्राण जातात. टोपल्या आणि कोबीचे गड्डे यांना २ के (२०४८ पिक्सेल) सोडाच, १ के (१०२४ पिक्सेल) पुरेसे आहे. विंडोजची पेज फाइल, म्हणजे रॅमच्या मदतीला डिस्कवर राखलेली फाइल, जागा वाचवण्यासाठी बंद केली असेल तर ती आधी चालू करावी. रॅम भरपूर असली तरी मॉड्सच्या भाराखालचा स्कायरिम पेज फाइलीशिवाय हमखास गडबडतो. फ्रेम रेटही इथेच पाहावा. या एंजिनातले भौतिकशास्त्र ६० फ्रेमच्या हिशेबाने बसवलेले आहे, आणि त्याहून वेगाने चालवायचे असेल तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्ससारखे साधन लागते, नाही तर घरात शिरताच टेबलावरची भांडी उडायला लागतात.

ग्राफिक्सचे सगळे ठीक असून गेम थिजतो, आदेश दिल्यावर बऱ्याच वेळाने काही तरी घडते, किंवा संवाद सुरूच होत नाही, अशी लक्षणे असतील तर स्क्रिप्टांचा खोळंबा झालेला असतो. पॅपायरस, म्हणजे गेमची स्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा, प्रत्येक फ्रेममध्ये मूळ सेटिंगनुसार फक्त १.२ मिलिसेकंद काम करते, आणि उरलेले पुढच्या फ्रेमवर ढकलते. ६० फ्रेमच्या वेगाला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे वाटा तसा लहानच आहे. आजूबाजूच्या प्रत्येक पात्रावर दर काही सेकंदांनी मंत्र टाकून त्याची तपासणी करणारी मॉड्स दोन-तीन जमली की काम साचत जाते. आयएनआय फाइलीच्या पॅपायरस विभागात लॉगिंग आणि ट्रेस या नोंदींची किंमत १ केली की नोंदवही लिहिली जाऊ लागते. तिच्यात थांबून राहिलेल्या कामांची संख्या मर्यादेबाहेर गेल्याची सूचना आणि पाठोपाठ पानभर यादी दिसली, तर त्या यादीत वारंवार येणारी स्क्रिप्ट शोधावी. त्याच नोंदवहीत काढलेल्या मॉडच्या फाइली सापडत नसल्याच्या शेकडो तक्रारीही असतात. त्या दिसायला भयंकर असल्या तरी बहुतेक निरुपद्रवी असतात आणि त्यांच्या मागे लागून संध्याकाळ घालवू नये. शोध संपला की नोंदवही बंद करावी, कारण तिच्या लिहिण्याचाही भार पडतोच.

इथे आयएनआय फाइलीतल्या जादूच्या ओळींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्रोसेसरचे धागे वाढवणाऱ्या, सगळ्या कामांना समांतर चालवणाऱ्या, पॅपायरसला भरपूर वेळ बहाल करणाऱ्या अशा ओळींच्या याद्या दहा-बारा वर्षे हातोहात फिरत आहेत. त्यांतल्या कित्येक गेम वाचतच नाही, आणि ज्या वाचतो त्या उपकारापेक्षा अपकार जास्त करतात. यूग्रिड्सची ओळ त्यांतली सर्वांत घातक. तिची मूळ किंमत ५ आहे, म्हणजे खेळाडूभोवती २५ चौकोन पूर्ण जिवंत असतात. ती ७ केली की ४९ आणि ९ केली की ८१ चौकोन जिवंत होतात, त्यांच्यातली माणसे चालू लागतात, दूरच्या मोहिमा वेळेआधी सुरू होतात, आणि एकदा सेव्ह केले की किंमत पुन्हा कमी करून ती सेव्ह उघडताना गेम कोसळतो. दूरचे दृश्य सुंदर दिसावे यासाठी आता डिनडोलॉड असताना या ओळीला हात लावण्याचे काहीच कारण उरलेले नाही. आयएनआय फाइली संशयास्पद वाटल्या तर त्या बाजूला काढून गेमच्या लाँचरला नव्या बनवू द्याव्यात. पाच मिनिटांचे काम आहे.

एवढे करूनही जागा आणि कारण सापडले नाही, तरच मॉड्स अर्धी-अर्धी करून तपासण्याकडे वळावे. मॉड ऑर्गनायझर या मॉड मॅनेजरमध्ये त्यासाठी वेगळे प्रोफाइल करावे, म्हणजे मूळ मांडणी शाबूत राहते. अर्धी मॉड्स बंद करायची, मेनूवरून सीओसीने ठरलेल्या जागी जायचे, अडकले तर दोष चालू अर्ध्यात, नाही तर बंद अर्ध्यात. असे करत २५६ मॉड्स असली तरी आठ फेऱ्यांत एकावर येता येते. दोन पथ्ये पाळावीत. एखाद्या प्लगइनचे मास्टर बंद केले तर त्यावर अवलंबून असलेली सगळी प्लगइनेही बंद करावी लागतात, त्यामुळे अर्धे म्हणजे काटेकोर अर्धे कधीच नसते. आणि ही चाचणी आपल्या खऱ्या सेव्हवर करू नये, कारण अर्धी मॉड्स काढून उघडलेली सेव्ह चुकून जतन झाली तर मूळ आजारापेक्षा उपचारानेच ती जाते. दोष दोन मॉड्सच्या संगनमतात असेल, जसा वरच्या याद्यांच्या प्रसंगात होता, तर ही पद्धत एकावर येऊन थांबते खरी, पण त्या एकाला काढून समाधान मानू नये. एक्सएडिटमध्ये त्याच्या नोंदी कोणाच्या नोंदींवर चढतात हे पाहिले की जोडीदार सापडतो, आणि पुष्कळदा दोन्ही मॉड्स ठेवून मधल्या पॅचमध्ये एक ओळ बदलली की पुरते.

सेव्ह कधी सोडून द्यावी, हा शेवटचा प्रश्न उरतो. रीसेव्हरने साफ केल्यावरही चालू स्क्रिप्टांची संख्या पुन्हा त्याच गतीने वाढत असेल, किंवा कोऱ्या गेममध्ये त्याच पातळीवर, त्याच जागी, त्याच मॉड्ससह काहीच अडकत नसेल आणि फक्त याच सेव्हमध्ये अडकत असेल, तर मी ती सेव्ह पुढे ओढत नाही. मॉड काढण्याच्या आधीची जुनी सेव्ह हाताशी असेल तर तिथून पुढे खेळावे. ती नसेल तर नवे पात्र सुरू करून कन्सोलने पातळी, कौशल्ये आणि सोने जुन्याच्या बरोबरीला आणावे, आणि मोहिमा मात्र पुन्हा खेळाव्यात, कारण त्या कन्सोलने पूर्ण करत गेले की त्यांच्या स्क्रिप्ट अर्धवट अवस्थेत राहतात आणि तेच दुखणे नव्या सेव्हमध्ये पहिल्या दिवसापासून सुरू होते.